बास गरवायला निघालात? या चुका टाळा

फेब्रुवारी उलटला की माझा फोन वाजायला लागतो. "काका, बोट घेतली. आता ल्युअर (गळाला लावायचं नकली आमिष) कुठलं घेऊ?" म्हणजे घोडं आलं, खोगीर आलं, बसायला शिकायचं तेवढं राहिलं. डॅलसमध्ये २२ वर्षं काढली आणि त्यातले बरेचसे शनिवार लेक फोर्क या तळ्यावर बास हा गोड्या पाण्यातला मासा गरवण्यात गेले. एवढ्या काळात नवी ल्युअरं शेकड्यांनी आली, पण लोकांच्या चुका त्याच राहिल्या. निम्म्या मी स्वतः करून बसलोय, तेव्हा पुढचं जरा चढ्या आवाजात वाटलं तर सांभाळून घ्या.

बूच

बासबोटीच्या मागच्या फळीला अगदी खाली एक भोक असतं. बोटीत साचलेलं पाणी त्यातून सोडून द्यायचं आणि तळ्यात उतरण्याआधी तिथे बूच घट्ट बसवायचं. टेक्सासमध्ये २०१४ पासून नियमच आहे की तळ्यावरून निघताना बोटीतलं आणि मासे ठेवायच्या टाकीतलं सगळं पाणी काढून टाकायचं. झेब्रा मसल नावाचे बारके शिंपले त्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. २००९ मध्ये ते लेक टेक्सोमात सापडले आणि मग एकेक तळं धरत गेले. त्यामुळे बूच दर खेपेला निघतं, आणि कधीतरी लावायचं राहतं.

माझं राहिलं ते एका मार्चमध्ये. बरोबर मंडळातला एक मुलगा होता, पहिल्यांदाच आलेला. घरापासून रॅम्पपर्यंतचा, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारापर्यंतचा, दीड तास मी त्याला 'तयारी' या विषयावर व्याख्यान दिलं होतं. पोचलो तेव्हा अंधार होता. मागे सहा ट्रक रांगेत, सगळ्यांचे दिवे माझ्या आरशात. घाईघाईने पट्टे सोडले, बोट पाण्यात ढकलली, दोर त्याच्या हातात दिला आणि ट्रक लावायला गेलो. परत येतो तर तो धक्क्यावरून म्हणतो, "काका, ही मागून अशीच बसते का?"

मागची कड पाण्याला टेकायला आली होती. झाकण उघडलं तर बॅटऱ्यांच्या बुडाशी पाणी डुचमळत होतं. बूच माझ्या जॅकेटच्या खिशात, च्युइंगगमच्या पाकिटाशेजारी.

पंप चालू केला, ट्रक परत आणला, ट्रेलर पाण्यात घातला, बोट वर ओढली, सगळं त्या सहा ट्रकांच्या देखत. एक म्हातारा खिडकीतून हात बाहेर काढून हसला. त्याचंही कधीतरी झालं असणार. पाणी निथळायला अर्धा तास गेला. तोवर ऊन झाडांवर आलं आणि ज्या वेळेसाठी तीन वाजता उठलो होतो ती वेळ गेली. मुलगा सभ्य निघाला. व्याख्यानाचा विषय त्याने परतीच्या वाटेवरही काढला नाही.

तेव्हापासून काढलेलं बूच मी बोटीच्या किल्लीच्या कडीत अडकवतो. किल्ली हातात घेतली की बूच हातात येतं. आणि ते बसवायचं घरी, गॅरेजमध्ये, ट्रेलर हलण्याआधी. रॉड जोडणं, लाइन ओवणं, बर्फ भरणं हेही रॅम्पच्या बाजूला गाडी घेऊन उरकावं, मग उताराला लागावं. उतारावर ट्रक उभा करून गाठी मारत बसणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

किल स्विचची, म्हणजे चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी लाइफ जॅकेटला अडकवा. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटरबोटींना अमेरिकेत तो केंद्रीय कायदा आहे. कायदा नसता तरी अडकवली असती. चालकाविना गोल गोल फिरणारी बोट एकदा बघितली की पुरते.

ल्युअर बदलायचा आजार

यावर मी वर्षातून चार वेळा चिडतो.

एका एप्रिलमध्ये एक जण आला होता. सॉफ्टवेअरमधला, हुशार, हातात फोन. त्याची ल्युअरची पेटी आमच्या घरच्या दिवाळीच्या फराळाच्या डब्यांपेक्षा मोठी. फोर्क हे २७,००० एकरांचं तळं, १९८० मध्ये धरण बांधून केलेलं, आणि त्याच्या पोटात बुडालेली झाडं अजून उभी आहेत. अशाच झाडांच्या एका रांगेशी बोट लावली. त्याने आधी क्रँकबेट टाकलं. पाच वेळा. मग स्पिनरबेट, चार वेळा. मग हिरवा रबरी बेडूक, मग निळी शेपटी, मग सोनेरी काहीतरी. दोन तासांत मी सतरा मोजली आणि मग मोजायचं सोडलं.

मी तेवढ्या वेळात एकच टेक्सास रिग वापरलं. सात इंची काळपट रबरी किडा, पुढे पाव औंसाचं बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन, गळाचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं, म्हणजे ते फांद्यांत अडकत नाही. झाडाच्या बुंध्याशी टाकायचं आणि लाइन सैल पडेपर्यंत बुडू द्यायचं. मग काही करायचं नाही. दहा आकडे मोजायचे. रॉडचं टोक फूटभर उचलायचं, परत खाली, परत दहा. बासने तोंडात घेतलं की नवखे समजतात तसा झटका बसत नाही. शेजारच्या खोलीत कुणी दारावर नखाने टकटक करावं तेवढंच कळतं, नाहीतर लाइन आपणहून एका बाजूला चालायला लागते. देवगडच्या खाडीत आजोबा दोरी तर्जनीवर धरून बसायचे, ती याचसाठी. टकटक कळली की ढील गुंडाळून घ्यायची आणि मग खेचायचं.

मला चार मिळाले. त्याला एक, आणि तो कसा मिळाला ते ऐका. फेकताना त्याच्या रिळावर लाइनचं घरटं झालं. ते सोडवत तो पाच मिनिटं मान खाली घालून बसला होता आणि ल्युअर तळाशी नुसतं पडलं होतं. गुंता सुटला तेव्हा दुसऱ्या टोकाला तीन पौंडाचा मासा होता. दिवसभरात त्याचं ल्युअर पहिल्यांदाच स्थिर राहिलं होतं! त्याने त्यातून काय धडा घेतला? रंग चांगला आहे. घरी पोचायच्या आत त्या रंगाची सहा पाकिटं मागवली.

माझ्या बोटीत डेकवर दोनच रॉड असतात, एक सावकाश ओढायच्या आमिषाचा, एक भरभर ओढायच्या. मासा नाही लागला तर आधी वेग कमी करतो, मग खोली बदलतो, मग जागा. ल्युअर सगळ्यात शेवटी. ही काही शास्त्रोक्त पद्धत नाही, माझी खोड आहे. पण ल्युअर पाण्याबाहेर असताना मासा लागत नाही एवढं गणित मला जमतं. आणि टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडाचा, याच फोर्कमध्ये जानेवारी १९९२ मध्ये लागला तो क्रॅपी नावाचा लहान मासा धरायला टाकलेल्या जिवंत बारक्या मासळीला. पेटीवाल्यांना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

समोरचा मासा जिवंत दाखवणारे नवे सोनार आले आहेत, हजारो डॉलरचे. वापरा, माझी हरकत नाही. पण पहिल्याच वर्षी पडद्यात डोकं घालून बसलात तर पाण्याकडे बघायची सवय लागणारच नाही, असं माझं जुनाट मत आहे.

ऑगस्टमध्ये एप्रिलची जागा

एप्रिलमध्ये काठाशी गुडघाभर पाण्यात मासे लागले म्हणून ऑगस्टच्या भर दुपारी त्याच काठाला झोडपणारे लोक मी दर वर्षी बघतो. वर म्हणतात, तळं संपलं.

बास तारीख बघत नाही. पाणी ५० ते ५५ अंश फॅरनहाइटला आलं की तो खोलातून उथळाकडे सरकायला लागतो. आमच्याकडे साधारण फेब्रुवारीत. तेव्हा गवताच्या कडेने लाल रंगाचं लिपलेस क्रँकबेट ओढावं, कारण चिंगूळवजा क्रॉफिश तेव्हा बाहेर पडतात. साठीच्या वर गेलं की नर उथळात घरटं साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पिलं नर राखतो. उन्हाळ्यात पहाटेचा तासभर वर आवाज करणारा पॉपर, आणि ऊन चढलं की बुडालेल्या रस्त्यांच्या कडा, ओढ्यांची जुनी वळणं, पंधरावीस फूट खोली. पण अति खोलही नको. कडक उन्हाळ्यात तळ्याचे थर पडतात, खालच्या गार थरात ऑक्सिजन उरत नाही आणि मासा तिथे थांबत नाही. चाळीस फुटांवर वजन सोडून दिवसभर वाट बघणारे मी पाहिलेत. ऑक्टोबरात शॅडचे, म्हणजे बास ज्यांना खातो त्या बारक्या माशांचे, थवे ओढ्यांच्या टोकाकडे जातात, बास त्यांच्या मागे. थंडीत सगळंच मंद. ल्युअर इतकं हळू ओढा की तुमचा तुम्हालाच कंटाळा यावा, आणि मग आणखी हळू.

मी सकाळी सगळ्यात आधी पाण्याचं तापमान बघून वहीत लिहितो. अकरा वह्या झाल्यात. बायको त्यांना रद्दी म्हणते.

गाठ

मासा तुटून गेला की लाइनचं टोक बघा, शिव्या नंतर द्या. टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं असेल तर गाठ सरकली. सरळ तुटलेलं आणि खरखरीत असेल तर लाइन फांदीवर घासली होती. फ्लुरोकार्बन या प्रकारच्या लाइनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथेच कच्ची होते. मी पालोमर गाठ मारतो, दर सात-आठ माशांनंतर कापून नवी. हे सांगितलं की लोक 'हो हो' म्हणतात आणि जुन्याच गाठीवर दिवस काढतात.

बाकीच्या, थोडक्यात

फ्लुरोकार्बन बुडतं, ते पॉपरला लावू नका.

रबरी बेडकावर मासा उसळला की लगेच खेचू नका. वजन जाणवू द्या, मग खेचा. तुमचा पहिला बेडूक तरीही उडून तुमच्याच कानाशी येणार.

वाऱ्याला पाठ दाखवून लपलेल्या काठाला जाऊ नका. वारा लागतो त्या काठाला शॅड जमतात. बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेवा.

मोठा मासा एका हाताने जबड्याला धरून आडवा करू नका, जबडा निखळतो. दुसरा हात पोटाखाली. फोटो दहा सेकंदांत.

स्वस्तातली सेकंडहँड बोट बघायला जाताना इंजिनाकडे आणि तिच्या चमकीकडे नंतर बघा. आधी ट्रेलरची टायरं. रस्त्याच्या कडेला अडकलेले निम्मे लोक तिथेच चुकलेले असतात.

आणि कालवण. आपली मंडळी पहिला बास मिळाला की आधी कोकम आहे का ते बघतात. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावाच लागतो. म्हणजे जो खावासा वाटतो नेमका तोच. मोठं जनावर तळ्यात राहावं म्हणूनच हा नियम आहे आणि तो मला पटतो. खायचंच तर क्रॅपी घ्या, तव्यावर रवा लावून. हाडं कमी, चव आपल्या ओळखीची. नियम दर तळ्याला वेगळे आहेत, निघण्याआधी वाचा. लायसन्सही बघा. टेक्सासची बहुतेक वार्षिक लायसन्सं तुम्ही कधीही काढलेली असोत, ३१ ऑगस्टला संपतात. माझ्या ओळखीतल्या तिघांना हे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गेम वॉर्डनकडून कळलं.