जुन्या स्कॅफॉइड फ्रॅक्चरचा एक्स-रे कसा वाचायचा

अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतंय, पकड कमी झालीय, आणि खोदून विचारलं की कळतं, काही वर्षांपूर्वी बाइकवरून हातावर पडला होता, "मुरगळलंय" म्हणून क्रेप बँडेज बांधलं आणि विषय संपला. अशा एक्स-रेवर कृपया "वयोमानाने झीज" लिहू नका. पस्तिशीतल्या माणसाचं एकच मनगट वयाने झिजत नाही.

फिल्म्स तीन लागतात: समोरचा व्ह्यू, लॅटरल म्हणजे बाजूने घेतलेला, आणि हात करंगळीकडे वळवून घेतलेला स्कॅफॉइड व्ह्यू (स्कॅफॉइड म्हणजे मनगटातलं अंगठ्याकडचं छोटं हाड). दुसऱ्या मनगटाचाही काढा.

आधी फ्रॅक्चरची रेष बघा. जुनी असेल तर कडा गुळगुळीत आणि पांढऱ्या, मध्ये गॅप, आजूबाजूला सिस्ट, म्हणजे हाडातल्या छोट्या पोकळ्या. स्कॅफॉइडला बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकातून येतं, म्हणून कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो. तो जास्त पांढरा दिसला तर शंका घ्या, पण तेवढ्यावरून मेलाय असं ठरवू नका, एमआरआय करा.

आता लॅटरल. लोक इथेच घाई करतात, आणि सुरुवातीला मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली, कारण सगळी हाडं एकमेकांवर चढलेली दिसतात. पहिलं म्हणजे फिल्म खरी लॅटरल आहे का ते तपासा: पिसिफॉर्म हे छोटं हाड स्कॅफॉइडचं पुढचं, म्हणजे बोटांकडचं टोक आणि कॅपिटेट (मनगटाच्या मध्यातलं मोठं हाड) यांच्या मधोमध दिसायला हवं. मधल्या बोटाचं तळहातातलं हाड रेडियसच्या (कोपरापासून मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला येणारं हाड) रेषेत हवं. मनगट वाकलेलं असेल तर लुनेट (स्कॅफॉइडच्या शेजारचं हाड) आपोआप कलतं आणि तुमचं सगळं माप खोटं ठरतं, अशी फिल्म सरळ परत पाठवा, टेक्निशियन वैतागला तरी चालेल.

मग लुनेट शोधा, वाटीसारखं दिसतं. वाटीचं तोंड हाताच्या मागच्या बाजूला कललंय का? रेडियसशी १५ अंशांपेक्षा जास्त कल म्हणजे डीआयएसआय, लुनेट मागे कललेली मनगटाची अस्थिरता. पुस्तकात स्कॅफॉइड-लुनेट कोन मोजायला सांगतात, नॉर्मल ३० ते ६० अंश, पण इथे स्कॅफॉइडचे दोन तुकडे झालेत, पुढचा (बोटांकडचा) तळव्याकडे झुकतो आणि मागचा (कोपराकडचा) लुनेटबरोबर उलट्या दिशेला जातो, मग कोणत्या तुकड्याची रेष धरणार? जुन्या नॉनयुनियनमध्ये, म्हणजे न जुळलेल्या फ्रॅक्चरमध्ये, मी रेडियस-लुनेट कोनावरच भरवसा ठेवते.

झीज साधारण ठरलेल्या क्रमाने जाते. पहिल्यांदा रेडियसचं अंगठ्याकडचं टोक आणि पुढचा तुकडा यांच्यात, टोक अणकुचीदार होतं. मग स्कॅफॉइड-कॅपिटेट, शेवटी कॅपिटेट-लुनेट. रेडियस-लुनेट सांधा बहुतेक वाचतो, आणि मागच्या तुकड्यासमोरचा रेडियसही. लिगामेंट तुटून झालेल्या झिजेत मात्र स्कॅफॉइड अखंड असतो, स्कॅफॉइड-लुनेटमधली जागा रुंदावते आणि पुढे रेडियस-स्कॅफॉइड सांधा पूर्ण झिजतो. दोन्हींची गल्लत करू नका.

रिपोर्टमध्ये कॅपिटेटच्या डोक्याबद्दल, म्हणजे लुनेटच्या वाटीत बसणाऱ्या टोकाबद्दल, वेगळं वाक्य हवंच. ते चांगलं असेल तर स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रम (लुनेटच्या करंगळीकडचं हाड) काढून टाकायचं ऑपरेशन विचारात येतं, झिजलेलं असेल तर सर्जन सहसा चार हाडं जोडण्याकडे वळतात, आणि त्यासाठी रेडियस-लुनेट सांधा शाबूत आहे की नाही हेही स्पष्ट लिहा.