प्लेको खात नव्हता, कवेलूने काम केलं

दुकानदार म्हणतो, प्लेको मासा टाकीची काच साफ करतो, वेगळं खाऊ घालायची गरज नाही. त्यावर जाऊ नका, नुसत्या शेवाळावर तो वाळतो. आमचा ब्रिसलनोज, म्हणजे लहान जातीचा प्लेको, दिवसभर फिल्टरमागे दडून, पोट खपाटीला. पाडलेल्या गोठ्याचं जुनं कवेलू घासून, उकळून टाकीत पालथं ठेवलं, तर त्याच रात्री आत शिरला. मासा निशाचर, म्हणून लाइट बंद केल्यावरच काकडीची चकती, उकळत्या पाण्यात मऊ केलेली, स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडतो. मीठ अजिबात नाही. उरलेलं सकाळी काढायचं, नाहीतर पाणी नासतं. मे महिन्यात पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो, अन् लाइन तर जातेच! बॅटरीवरचा एअरपंप ठेवा. साधा प्लेको मात्र लहान टाकीसाठी घेऊ नका, फूटभर वाढतो.