किरणोत्सारी कचऱ्याचे पॅकिंग आणि वाहतूक : या चुका टाळा

किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा ज्या क्षणी वाचला त्या क्षणापुरताच खरा असतो, हे मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतो आणि दोन महिन्यांत ती तुकडी ते विसरलेली असते. दारातून बाहेर पडलेले पॅकेज पूर्वीचे राहत नाही. ते उन्हात तापते, रस्त्यावर हादरते, पावसात भिजते. आतला माल खाली बसतो, त्यातून पाणी सुटते, बोल्ट सैल होतात. अणुवीज केंद्रातल्या कचऱ्याच्या हाताळणीत मी ज्या चुका पुनःपुन्हा पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक एकाच समजुतीतून निघालेल्या आहेत, ती म्हणजे एकदा मोजले आणि सही केली की काम संपले. निवृत्तीनंतर चेंबूरला राहून मी अजूनही तरुण अभियंत्यांना आणि तंत्रज्ञांना शिकवतो, आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर कंटाळलो आहे.

आपल्याकडे त्यात एक जादा अडचण आहे. भारतात अणुवीज केंद्रांतला कमी आणि मध्यम पातळीचा घनकचरा साधारणतः केंद्राच्या शेजारीच, जमिनीलगतच्या विल्हेवाट सुविधेत, म्हणजे मातीच्या चरांत, काँक्रीटच्या चरांत आणि टाइल होलमध्ये, म्हणजे जमिनीतल्या उभ्या नळकांड्यांत, ठेवला जातो. त्यामुळे बराचसा कचरा सार्वजनिक रस्त्यावर येतच नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे वाहतुकीचे नियम आस्थापनेच्या कुंपणाआडच्या हालचालीला लागू होत नाहीत, तिथे त्या आस्थापनेचे स्वतःचे नियम चालतात, हे खरे आहे. पण त्यातून ‘आवारातल्या आवारात तर न्यायचे आहे’ ही वृत्ती वाढते, आणि एखादे पॅकेज खरोखर बाहेर पाठवायची वेळ आली की हात त्याच सैल सवयीने चालतात. अणुशक्तीनगरच्या नियामक भवनातून, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडून, परवानगीचा कागद आला की पॅकेज आपोआप सुरक्षित झाले, असे समजणारेही मी पाहिले आहेत. मंडळ कागद तपासते. बोल्ट तुम्हालाच आवळायचा असतो.

डोस रेट पाहिला, स्वाइप विसरली

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे आणि तिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे.

पॅकेजमधून बाहेर येणारा किरणोत्सर्ग आणि पॅकेजच्या अंगावर बसलेले सुटे दूषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, म्हणजे डोस रेट (तासाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा), सर्व्हे मीटरने कळते. दुसरी त्या मीटरने कळत नाही, कारण आतल्या मालाचा किरणोत्सर्गच इतका असतो की अंगावरच्या धुळीचा वाटा त्यात बुडून जातो. त्यासाठी पृष्ठभाग कोरड्या कागदाने पुसून, तो कागद लांब, शांत पार्श्वभूमीच्या खोलीत नेऊन मोजावा लागतो. यालाच आम्ही स्वाइप म्हणतो. मर्यादा स्पष्ट आहे : बीटा, गॅमा आणि कमी विषारी अल्फा उत्सर्जकांसाठी दर चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल), इतर अल्फा उत्सर्जकांसाठी ०.४ बेकरेल, आणि सरासरी काढायची ती ३०० चौरस सेंटिमीटरांवर. नवशिका ‘सर, मीटर तर शांत आहे’ असे सांगत येतो, तेव्हा त्याला परत पाठवण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसते.

आता गोष्ट. ठिकाणाचे नाव महत्त्वाचे नाही. जुलै महिना होता आणि पाण्याच्या टाकीत बुडवून भरलेला एक कास्क, म्हणजे किरणोत्सारी माल नेण्याचे जाड भिंतींचे पोलादी भांडे, धुऊन, पुसून ट्रेलरवर चढवला होता. मुंबईत सकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असल्याने तो रात्रीच निघायला हवा होता, आणि माझ्या हाताखालचा एक हुशार, पण घाईचा मुलगा सायंकाळी सहाला वीस स्वाइप घेऊन आला. सगळे आकडे १ बेकरेलच्या खाली होते. मी सही केली. ट्रेलरच्या मागच्या चाकाने मात्र ऐन वेळी हवा सोडली आणि गाडी रात्रभर ताडपत्रीखाली उभी राहिली. सकाळी ताडपत्री उचलली तर आतून पाणी ठिबकत होते. केवळ सवयीने मी उचलकड्यांच्या, म्हणजे ट्रनियनच्या, बुडाशी पुन्हा कागद फिरवला आणि आकडा आला ११. मुलगा म्हणाला मीटर बिघडला. दुसरा मीटर आणला, मग तिसरा. तिन्हींचे म्हणणे एकच होते.

कास्क रडला होता. आमच्या धंद्यात असेच म्हणतात. टाकीच्या पाण्यातले किरणोत्सारी सीझियम पोलादाच्या सूक्ष्म छिद्रांत आणि वरच्या ऑक्साइडच्या थरात जाऊन घट्ट बसते. तेव्हा ते सुटे नसते, म्हणून कागदावर येत नाही. पुढे दमट हवा किंवा पाऊस लागला की तेच हळूहळू पृष्ठभागावर येते आणि सुटे होते. सायंकाळची स्वाइप खोटी नव्हती, ती फक्त सायंकाळची होती. सही माझी होती, म्हणून त्या मुलाला मी फार बोललो नाही. कास्क पुन्हा धुतला, शेडमध्ये उघडा ठेवून दोन दिवस वाळवला, रोज स्वाइप घेतली आणि तिसऱ्या दिवशी पाठवला. त्या चाकाचे मी आजही आभार मानतो.

हे केवळ कोकणच्या दमटपणाचे दुखणे नाही. १९९८ मध्ये जर्मनीत वापरलेल्या इंधनाची वाहतूक थांबवावी लागली होती, कारण कास्क आणि वाघिणींवर याच ४ बेकरेलच्या मर्यादेहून अधिक दूषण सापडत असल्याचे उघड झाले होते. कोणाला लक्षणीय डोस मिळाल्याचे आढळले नाही, पण तेव्हाच्या पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल यांना त्याचा राजकीय ताप पुरेसा झाला.

माझी सवय अशी आहे की पाण्याखाली भरलेल्या कास्कची स्वाइप मी दोनदा घेतो, एकदा पुसल्यानंतर आणि एकदा रात्र उलटल्यावर, आणि दुसरी घेण्याआधी सही करत नाही. स्वाइप गुळगुळीत पोटावर घेणारा माणूस स्वतःची फसवणूक करतो. ती ट्रनियनच्या बुडाशी, बोल्टच्या डोक्यांभोवती, झाकणाच्या सांध्यात आणि तळाला घ्यावी. ओल्या अंगावर स्वाइप घेऊ नये, कारण पाण्याचा थर अल्फा आणि मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचा, बीटा खाऊन टाकतो. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात घालून त्यावर जागा पेन्सिलने लिहावी. शाई ओल्या हाताने पसरते. गणित करताना, कागदाने सुट्या दूषणाचा दहावा हिस्साच उचलला असे धरायचे असते, म्हणून आलेल्या आकड्याला ०.१ ने भागायचे असते. हा भागाकार विसरलेला माणूस ६ चे ०.६ करून मोकळा होतो आणि वर खूषही होतो. बंद शेडमध्ये घेतलेल्या कागदावर अल्फाचा आकडा अनपेक्षित आला तर घाबरण्याआधी काही तास थांबून पुन्हा मोजावा. हवेतल्या रेडॉन वायूची अल्पायुषी पिल्ले, म्हणजे त्याच्या विघटनातून झालेली मूलद्रव्ये, असतील तर आकडा तोवर उतरलेला असतो. थांबणे हीच दुरुस्ती आहे, आणि नेमकी तीच नव्या मुलांना जड जाते.

बोल्ट आवळले, पुन्हा पाहिले नाहीत

जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका खाणीतले मोजमापाचे यंत्र पर्थला दुरुस्तीसाठी पाठवले गेले. सुमारे १४०० किलोमीटरच्या वाटेवरच्या हादऱ्यांनी ते सुटे झाले, एक बोल्ट निघाला आणि सीझियम-१३७ ची, ६ मिलिमीटर व्यासाची व ८ मिलिमीटर उंचीची कुपी बोल्टच्या भोकातून रस्त्यावर पडली. ती १ फेब्रुवारीला सापडली, हे नशीब. तो कचरा नव्हता आणि अणुवीज केंद्राशी त्याचा संबंध नव्हता, तरी मी हे उदाहरण प्रत्येक वर्गात सांगतो, कारण माल पोहोचल्यानंतरही पेटी कित्येक दिवस उघडली गेली नाही आणि २५ जानेवारीला उघडली तेव्हा कुठे कुपी नसल्याचे कळले. पोहोचल्याबरोबर मोजले असते तर शोध तितक्याच दिवसांनी आधी सुरू झाला असता.

सायन-पनवेल महामार्गावरचे जुलैतले खड्डे ज्याने पाहिले आहेत त्याला हादऱ्यांचे वर्णन करून सांगायला नको. मी प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून झाकणावर जाणारी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. रेघ तुटली की बोल्ट फिरला, इतके सोपे. पॅकेज ट्रेलरला जखडणारी लॅशिंगची साखळी पहिल्या अर्ध्या तासाने पुन्हा तपासायची, हे मला नियमपुस्तकाने नव्हे, एका जुन्या ट्रेलरचालकाने शिकवले. ‘साहेब, साखळी घरी ताठ असते, रस्त्यावर झोपते,’ असे तो म्हणायचा, आणि पहिल्या चहाला थांबला की चहाआधी साखळीला हात लावून यायचा. रेंच नाही म्हणून साध्या पान्याने ‘अंदाजाने घट्ट’ करणाऱ्यांबद्दल मी इथे लिहिले तर ते छापण्याजोगे राहणार नाही.

रेझिन कोरडे आहे, असे मानले

आयन-विनिमय रेझिनचा, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या बारीक मण्यांचा, वापरलेला गाळ पंपाने कोरडा केला की तो कोरडा दिसतो. मग गाडीच्या कंपनाने मणी घट्ट बसतात, त्यांच्यामधल्या फटींतले पाणी खाली उतरते आणि पोहोचेपर्यंत तळाशी पाणी साचलेले असते. म्हणून मी भांडे दोन-तीन दिवस तसेच ठेवून पुन्हा पंप लावतो. सिमेंटमध्ये बसवलेल्या कचऱ्यातही घाई चालत नाही : पृष्ठभागावर आलेले पाणी परत शोषले गेले की नाही हे न पाहता झाकण बसवणे, किंवा रेझिनचे प्रमाण वाढवून ड्रमची संख्या वाचवणे, हे दोन्ही अंगाशी येतात. भिजल्यावर रेझिन फुगते आणि सिमेंटला आतून तडे देते.

ओल शोषण्यासाठी हाताला लागेल ते भरू नका. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या भूमिगत साठ्यात १४ फेब्रुवारी २०१४ रोजी एक ड्रम आतून तापून फुटला. तो लष्करी कामातला कचरा होता आणि त्यात नायट्रेट क्षारांसोबत खनिज शोषकाऐवजी गव्हापासून बनवलेली, मांजरांच्या पेटीत घालतात ती सेंद्रिय भुकटी पडली होती. त्या एका भुकटीपायी तो साठा जवळजवळ तीन वर्षे बंद राहिला. आमच्याकडे कोणीतरी लाकडाचा भुसा सुचवतोच, आणि कोणीतरी ‘चालतंय, सर’ म्हणतोच. चालत नाही.

वाहतूक निर्देशांकात शून्यांचा घोळ

वाहतूक निर्देशांक म्हणजे पॅकेजच्या पृष्ठभागापासून १ मीटरवरचा सर्वाधिक डोस रेट, मिलिसिव्हर्ट (डोसचे एकक) प्रतितासात मांडून, १०० ने गुणलेला. मीटर मायक्रोसिव्हर्ट दाखवत असेल तर सरळ १० ने भागा : ३२ मायक्रोसिव्हर्ट म्हणजे निर्देशांक ३.२. पुढचा दशांश नेहमी वर चढवायचा, १.१३ चे १.२ होते, १.१ कधीच नाही. ‘सर्वाधिक’ या शब्दाकडे लक्ष द्या, कारण ट्रेलरवर चढल्यावर तळाशी वाकून कोणी मोजत नाही आणि किरणोत्सर्गाची गळती नेमकी तिथेच असू शकते. मी तळ क्रेनवर असतानाच मोजून घेतो. लेबलाचा वर्ग पृष्ठभागावरचा डोस रेट आणि निर्देशांक या दोन कसोट्यांवर ठरतो. पृष्ठभागावर ०.४ मिलिसिव्हर्ट आहे म्हणून दुसऱ्या वर्गाचे पिवळे लेबल लावणारा, निर्देशांक १.२ असल्याने ते तिसऱ्या वर्गात जाते, हे विसरतो. दोन्ही कसोट्यांतला वरचा वर्ग लागतो.

शिसे जाड आहे, मग काय होणार

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि टाइप बी पॅकेजची, म्हणजे मोठ्या अपघातातही टिकावे अशा पॅकेजची, आगीची चाचणी ८०० अंशांवर ३० मिनिटे चालते, तीही ९ मीटरवरून न दबणाऱ्या पायावर टाकल्यानंतर. जाड शिशाचा टाइप ए डबा तेवढ्याने टाइप बी होत नाही. टाइप ए हा वाटेतल्या नेहमीच्या धक्क्यांसाठी असतो, १.२ मीटरवरून पडणे, तासभर पाऊस, वरच्या रचाईचा भार. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये भरधाव रेल्वे इंजिन फ्लास्कवर (कास्कचेच तिथले नाव) आदळवले आणि फ्लास्क शाबूत राहिला, ती चित्रफीत पाहून तरुण मंडळी निर्धास्त होतात. त्या फ्लास्कचे झाकण कोणीतरी नीट बसवले होते, हे चित्रफितीत दिसत नाही.

किरकोळ म्हणाव्यात अशा आणखी काही. लेबल पॅकेजच्या एकाच बाजूला लावू नका, समोरासमोरच्या दोन बाजूंना लावा. चालकाला दिलेला आपत्कालीन सूचनांचा कागद त्याला वाचता येईल अशा भाषेत असू द्या. कोपऱ्यातल्या ओल्या पोछ्याला ‘तेवढाच आहे’ म्हणून दाबून लहान करायच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकू नका, तो ड्रमला आतून गंज लावतो.

आणि रिकामा डबा. रिकामा म्हणजे स्वच्छ नव्हे. आत राहिलेल्या सुट्या दूषणाला बाहेरच्या मर्यादेच्या १०० पटींपर्यंत मुभा आहे, पण ते मोजलेले असावे लागते, आणि आधीच्या मालाची लेबले काढावी किंवा पूर्ण झाकावी लागतात. मी ती पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढतो. वर पांढऱ्या रंगाचा एक हात मारून वेळ वाचवणाऱ्याचे लेबल दोन पावसाळ्यांत पुन्हा दिसू लागते, आणि मग आत काहीही नसलेल्या ड्रमभोवती भर दुपारी अग्निशमन दलाचा बंब, पोलिसांची जीप आणि हातात मीटर घेतलेला मी, असे सगळे गोळा होतो. हे एकदा घडून गेले आहे.