डीव्हीडीचा चेकसम आयसोशी जुळत नसेल तर

लिनक्सवर जुने लॉग आयसो (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) करून डीव्हीडीवर बर्न केले. डिस्क माउंट होते, फाइली उघडतात. पण थेट ड्राइव्हवरून (लिनक्समध्ये त्याचं नाव एसआर०) काढलेला शा-२५६ चेकसम (डेटावरून काढलेला, डेटा बदलला की बदलणारा आकडा) आयसोच्या चेकसमशी जुळेना. वेग कमी केला, डिस्क बदलली, ड्राइव्हही बदलला. नुसता वैताग.

डिस्क ठणठणीत होती. डीव्हीडीवर डेटा ३२ केबीच्या, म्हणजे १६ सेक्टरांच्या ठोकळ्यांत लिहिला जातो. शेवटचा ठोकळा अपुरा पडला की उरलेली जागा शून्यांनी भरते, आणि तीही चेकसममध्ये मोजली जाते.

आधी डिस्क बाहेर काढून पुन्हा घाला (नाहीतर वाचन कॅशमधूनच होऊ शकतं). 'स्टॅट' या आज्ञेने आयसोचे बाइट पाहून २०४८ने (एका सेक्टरचे बाइट) भागा. मग डिस्क वाचायला 'डीडी' (बाइट जसेच्या तसे वाचणारी आज्ञा): ब्लॉकसाइझ २०४८, काउंट तो भागाकार, म्हणजे भरलेली शून्यं वाचली जात नाहीत. आउटपुट पाइपने 'शा२५६सम'ला. जुळलं! आता काउंट आणि चेकसम दोन्ही डिस्कच्या कव्हरवर लिहितो, कारण आयसो पुढे डिलीट होणारच.