बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवलेल्या बाईकला कोणता स्पार्क प्लग?
बोअर किंवा कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर जुन्या नंबरचा प्लग आणू नका, एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा घ्या. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ७ ऐवजी ८. बॉशमध्ये नेमकं उलटं, दुकानात गफलत होते ती इथेच. नुसता सायलेन्सर बदललाय? मूळ नंबरच ठेवा. प्लगच्या आट्यांची लांबी मात्र तंतोतंत जुळवा, १२.७ मिमीच्या जागी १९ मिमीचा बसवला तर पिस्टन त्यावर आपटू शकतो.

मग वर्धा रोडवर मे महिन्याच्या उन्हात गाडी चांगली ताणून चालवा आणि इंजिन निवल्यावर प्लग काढून बघा. टोकाची चिनीमाती फिकट तपकिरी हवी. पांढरीफटक दिसली तर आधी कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तपासा, पेट्रोल कमी पडत असेल.