स्थिरचित्र आणि व्यक्तिचित्र यांच्या पार्श्वभूमीसाठी तैलरंग कसे मिसळावेत

तैलरंग शिकू लागलेले बहुतेक जण आधी वस्तू किंवा चेहरा पूर्ण करतात आणि मग उरलेली जागा एखाद्या तपकिरी वा करड्या रंगाने भरतात. या क्रमात एक मोठा धोका आहे. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर कोणतीही मध्यम छटा प्रत्यक्षात असते त्यापेक्षा गडद भासते, त्यामुळे चेहरा रंगवताना आपण तो नकळत फिका करत जातो. पुढे मागचा गडद रंग लागला, की तोच चेहरा पीठ फासल्यासारखा दिसू लागतो. म्हणून पार्श्वभूमीचा रंग पॅलेटवर, म्हणजे रंग मिसळण्याच्या फळीवर, सर्वांत आधी तयार करावा आणि निदान त्याचा पातळ थर तरी कॅनव्हासवर पहिल्याच बैठकीत लावावा, असे माझे ठाम मत आहे.

पार्श्वभूमी म्हणजे वस्तूभोवतीची हवा आणि उजेड. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराने साधारण 1635च्या सुमारास रंगवलेले पाब्लो दे व्हायादोलिद या दरबारी विदूषकाचे चित्र आहे. त्यात जमीन आणि भिंत यांना वेगळे करणारी रेषाच नाही. मातकट करड्या रंगाचा एकच विस्तार आहे, आणि तरीही तो माणूस पायाखालच्या सावलीच्या आधारावर भक्कम उभा आहे. 1865मध्ये हे चित्र पाहिल्यावर माने या फ्रेंच चित्रकाराने लिहिले होते, की इथे पार्श्वभूमी नाहीशी होते आणि माणसाभोवती केवळ हवा उरते. पुढच्याच वर्षी त्याने बासरीवादक मुलाचे चित्र त्याच रीतीने रंगवले. ज्या करड्याने ही हवा साधते, तो करडा तयार नळीतून मिळत नाही. तो मिसळावा लागतो.

रंग कोणते घ्यावेत

सात नळ्या पुरतात: टायटॅनियम व्हाइट (पांढरा), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), रॉ अंबर (मातकट तपकिरी), अल्ट्रामरीन ब्ल्यू (गडद निळा), ॲलिझरिन क्रिमसन (गडद लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). यांतला क्रिमसन घेताना नळीवर ‘पर्मनंट’ लिहिलेले पाहून घ्यावे, कारण मूळ ॲलिझरिन पातळ थरात आणि पांढऱ्यात मिसळल्यावर उजेडाने फिके पडते, आणि पार्श्वभूमीत रंग नेमका तसाच वापरला जातो. मिसळण्यासाठी कुंचला नको, पॅलेट नाइफ, म्हणजे रंग मिसळण्याची बोथट लवचीक सुरी, हवी. कुंचल्याच्या मुळाशी आधीचा रंग अडकून राहतो आणि प्रत्येक नव्या ढिगात तो थोडा थोडा उतरतो.

पायाभूत करडा

काळा आणि पांढरा मिसळून करडा होतो हे खरे, पण आयव्हरी ब्लॅक मुळात निळसर झुकाव असलेला आहे आणि टायटॅनियम व्हाइट कोणतेही मिश्रण थंड, म्हणजे निळसर झाकेचे, करते. दोन्ही एकत्र आले की सिमेंटच्या भिंतीसारखा निर्जीव रंग मिळतो, आणि त्यासमोर ठेवलेले फळ कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते. त्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांपासून सुरुवात करावी. बर्न्ट सिएना हा खरे तर अतिशय गडद नारिंगी आहे. नारिंगी आणि निळा हे परस्परांचे विरोधी, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे, रंग असल्यामुळे ते एकमेकांची झळाळी मारतात आणि त्यांतून असा करडा तयार होतो, ज्यात दोघांचेही अस्तित्व जाणवत राहते.

दोन्ही रंग सुपारीएवढे घेऊन पूर्ण एकजीव करावेत. जवळजवळ काळा दिसणारा ढीग तयार होईल, आणि एवढ्या गडद अवस्थेत तो कोणत्या बाजूला झुकला आहे हे डोळ्यांना कळणार नाही. म्हणून त्यातला मोहरीएवढा रंग बाजूला घेऊन तो वाटाण्याएवढ्या पांढऱ्यात मिसळून पाहावा. निळसर दिसला तर मुख्य ढिगात सिएनाचा हरभऱ्याएवढा भाग वाढवावा, विटकरी दिसला तर निळा वाढवावा. निरनिराळ्या उत्पादकांच्या रंगांची ताकद सारखी नसते, त्यामुळे कोणाचेही ठरावीक प्रमाण पाठ करण्यापेक्षा ही चाचणी दर वेळी करणे जास्त विश्वासाचे आहे.

पांढरा मिसळण्याची दिशाही महत्त्वाची आहे. गडद पार्श्वभूमी हवी असेल तर गडद ढिगात पांढरा कणाकणाने घालावा. फिकट हवी असेल तर पांढऱ्यात गडद रंग घालावा. उलटे केले तर हवी ती छटा येईपर्यंत पॅलेटवर वाटीभर रंग साचतो आणि शेवटी तो वाया जातो.

आधी गडदपणा, मग रंग

रंग निळा हवा की हिरवा या विचारात शिरण्याआधी तो किती गडद हवा, हे ठरवावे. डोळे बारीक करून मांडणीकडे पाहिले की तपशील विरघळतात आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. वस्तूच्या उजळ बाजूपेक्षा पार्श्वभूमी गडद आणि छायेतल्या बाजूपेक्षा उजळ असेल, तर वस्तूला आपोआप गोलाई मिळते, तिच्याभोवती बाह्यरेषा ओढावी लागत नाही. निसर्गातही बऱ्याचदा असेच घडते: खिडकी डावीकडे आणि वस्तूंच्या थोडी पुढे असेल, तर मागच्या भिंतीवर उजवीकडे जास्त उजेड पडतो, म्हणजे वस्तूची छायेतली बाजू उजळ भिंतीसमोर येते.

यासाठी पायाभूत करड्यात पांढरा घालून मध्यम छटेचा ढीग करावा आणि त्याचे तीन भाग करावेत. एका भागात आणखी थोडा पांढरा आणि तांदळाच्या दाण्याएवढा यलो ऑकर घालावा, दुसऱ्या भागात पांढरा न घातलेला मूळ गडद करडा मिसळावा, आणि तिसरा तसाच ठेवावा. तिन्ही ढीग एकाच मिश्रणातून निघालेले असल्यामुळे भिंतीवरचा उजेड सरकत गेल्यासारखा दिसतो. वेगवेगळे मिसळलेले तीन करडे शेजारी लावले तर भिंतीला ठिगळे लावल्यासारखे वाटते.

एक उदाहरण: तांब्याचा लोटा आणि दोन लिंबे

समजा मांडणीत तांब्याचा लोटा, दोन पिवळी लिंबे आणि पांढरी चिनीमातीची वाटी आहे. तांबे नारिंगी, म्हणून त्याला उठाव देण्यासाठी पार्श्वभूमी निळसर करड्याची करावी, एवढे कोणालाही सुचेल. पण इथेच हात जड होतो. पॅरिसच्या गोबलँ या गालिचे आणि भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणाऱ्या कारखान्यात शेवरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचा प्रमुख होता. काही काळे धागे फिके पडतात अशी तक्रार त्याच्याकडे आली, तेव्हा शोध घेतल्यावर त्याला आढळले, की दोष काळ्या रंगात नसून शेजारी विणलेल्या रंगांत आहे. शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची झाक नजरेत उमटवतो, हा नियम त्याने 1839मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तांब्याच्या लोट्यामागे अगदी तटस्थ करडा लावला तरी तो निळसर भासतो तो यामुळेच. त्यात आपण मुद्दाम भरपूर निळा घातला, तर भिंत लोट्याच्याही पुढे येऊन बसते.

म्हणून मध्यम ढिगात अल्ट्रामरीनचा अगदी छोटा कण घालावा आणि तो रंग कागदाच्या पट्टीवर लावून, पट्टी लोट्याच्या मागे धरून पाहावी. पॅलेटवर फिका वाटलेला करडा लोट्याशेजारी पुरेसा निळा दिसतो, हे दर वेळी नव्याने पटते. लिंबांचा विरोधी रंग जांभळा. त्यासाठी गडद ढिगात क्रिमसनचा कण घालून तो फक्त लिंबांच्या आसपासच्या छायेत वापरावा. सगळी भिंत जांभळट करण्याचा मोह टाळावा.

तांब्यासारख्या चकाकत्या वस्तूच्या बाबतीत पार्श्वभूमी आधी तयार ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. लोट्याच्या पोटात भोवतालचे सगळे उमटलेले असते, आणि त्यातल्या थंड छटा भोवतालच्या रंगांतूनच येतात. त्या छटांमध्ये हाच निळसर करडा मिसळला तर लोटा त्या खोलीतला वाटतो. उलट दिशेनेही हे करावे: लोट्यासाठी केलेल्या मिश्रणाचा एक कण पार्श्वभूमीच्या गडद ढिगात मिसळला, की दोघांचे नाते जुळते.

गव्हाळ आणि सावळ्या वर्णासाठी

व्यक्तिचित्राच्या पार्श्वभूमीचे जे नुस्खे युरोपीय परंपरेतून आपल्याकडे आले, ते गुलाबी गोऱ्या त्वचेसाठी आणि पुष्कळदा भुऱ्या केसांसाठी घडलेले आहेत. बर्न्ट अंबर आणि काळा यांची गडद तपकिरी पार्श्वभूमी अशा चेहऱ्यामागे भव्य दिसते. तीच सावळ्या चेहऱ्यामागे लावली, तर चेहऱ्याची छायेतली बाजू आणि भिंत एकाच रंगकुळातली असल्यामुळे दोन्ही एकमेकांत बुडतात. मी आत्याचे पहिले व्यक्तिचित्र रंगवले तेव्हा नेमके हेच झाले होते. चेहरा उठावा म्हणून मी तो उजळ करत गेलो आणि आत्याचा सुंदर सावळा वर्णच चित्रातून हरवला. चूक चेहऱ्यात नव्हतीच, मागच्या रंगात होती, हे समजायला मला फार दिवस लागले. त्वचा खरी वाटत नसेल तर आधी पार्श्वभूमी बदलून पाहावी, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

गव्हाळ वर्णामागे राखाडी हिरवा फार चांगला बसतो. आयव्हरी ब्लॅक आणि यलो ऑकर मिसळले की सुंदर शेवाळी रंग तयार होतो, कारण या काळ्याचा झुकाव निळसर असतो. त्यात थोडा रॉ अंबर आणि हवा तेवढा पांढरा घालावा. हा दबलेला हिरवा समोरच्या त्वचेतली लाली स्वतःहून जागी करतो, त्यामुळे गालांवर वेगळा लाल चढवावा लागत नाही. गडद सावळ्या वर्णासाठी मध्यम किंवा त्याहून किंचित उजळ छटेची पार्श्वभूमी घ्यावी. तिथे अल्ट्रामरीन, रॉ अंबर आणि पांढरा यांचा निळसर करडा, किंवा यलो ऑकरमध्ये पायाभूत करडा घालून केलेला जुन्या चुन्याच्या भिंतीसारखा रंग, हे दोन्ही उत्तम ठरतात. सावळ्या त्वचेवरचे प्रकाशबिंदू खिडकीच्या उजेडात निळसर असतात आणि छाया उबदार लालसर असते. निळसर करड्याचा अंश त्या प्रकाशबिंदूंत वापरला, की चेहरा आणि हवा एकत्र येतात.

आपल्या व्यक्तिचित्रांत काळेभोर केस हा एक मोठा गडद आकार असतो, आणि त्याचा विचार पार्श्वभूमी मिसळतानाच करावा लागतो. फिकट भिंतीसमोर केसांची कडा सुरीसारखी धारदार दिसते, तर गडद भिंतीसमोर केस नाहीसे होऊन चेहरा मुखवट्यासारखा तरंगतो. मध्यम छटा घेऊन उजेडाकडची कडा थोडी स्पष्ट ठेवावी आणि छायेकडची कडा भिंतीत विरू द्यावी. त्या बाजूला केसांचा आणि भिंतीचा रंग ओला असतानाच कोरड्या मऊ कुंचल्याने एकमेकांत हलकेच ओढावा.

साडी किंवा फेटा ठसठशीत रंगाचा असेल तर पार्श्वभूमी त्याच्याशी स्पर्धा करणार नाही, हे पाहावे. हिरव्या साडीमागे हिरवट पार्श्वभूमी चालते, पण तिची झळाळी साडीपेक्षा पुष्कळ कमी हवी. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. दिव्यावर धरलेल्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड त्यात इतका जिवंत वाटतो, कारण भोवतालच्या रंगांनी आपला आवाज खाली ठेवला आहे.

उजेड, वाळणे आणि थर

रंग ज्या उजेडात मिसळाल त्याच उजेडात लावावेत. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला करडा सकाळी भलताच निळा दिसतो. चित्रकाराची खिडकी उत्तरेला असावी, हा नियम युरोपातला आहे. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यच डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे या काळात ढग नसतील तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही पातळ पांढरा पडदा लावावा.

पहिला थर रॉ अंबर आणि करडा यांचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा. अंबरमधील मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक उशिरा वाळतो, म्हणून तो तळाच्या थरात जाड लावू नये, नाहीतर वरचा थर आधी वाळून पुढे तडे जाण्याची भीती असते. जवसाच्या तेलाचे प्रमाण वरच्या थरांत वाढत जावे. ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी मिश्रण किंचित उजळ ठेवावे, कारण ते वाळल्यावर गडद होते. जलरंग मात्र वाळल्यावर फिका पडतो.

तैलरंगातले गडद भाग वाळल्यावर पुष्कळदा मंद आणि राखट दिसतात, कारण त्यांतले तेल खालच्या थराने शोषलेले असते. अशा वेळी नव्याने गडद रंग मिसळायला बसू नये. कापडाने जवसाच्या तेलाचा अत्यंत पातळ हात फिरवून जास्तीचे तेल पुसून घ्यावे, म्हणजे मूळ छटा परत दिसते. त्यानंतरही भिंत फार थंड वाटली, तर बर्न्ट सिएना तेलात पातळ करून त्याचा पारदर्शक थर फक्त छायेच्या बाजूने द्यावा. उरलेला रंग फेकू नये. प्लास्टिकच्या कागदाखाली हवा लागू न देता झाकला तर तो दोन-तीन दिवस सहज टिकतो, आणि चेहऱ्याच्या छाया दुरुस्त करताना तोच उपयोगी पडतो.