सत्तरीच्या बंडांची गावपातळीवर नोंद कशी करावी

गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या डोंगराळ मुलखात राणे घराण्यातील लोकांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध केलेली बंडे पुस्तकांत दीपाजी, कुष्टोबा, दादा अशा पुढाऱ्यांच्या नावांवर जमा होतात. त्यांच्यासोबत रानात राहिलेल्या आणि त्यांना धान्य पोहोचवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या माणसांची नावे मात्र क्वचितच कुठे सापडतात. गावाने नोंद करायला घेतली, तर या दुसऱ्या यादीवरच भर द्यावा, कारण पुढाऱ्यांविषयीचे लेखन आधीच उपलब्ध आहे.

वयस्कर मंडळींकडे जाण्यापूर्वी सालांचा एक साधा आराखडा हाताशी ठेवावा. दीपाजी राणे यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी म्हादई नदीकाठचा नाणूस किल्ला घेतला आणि तो लढा १८५५ पर्यंत चालला. कुष्टोबांचा काळ १८७१ च्या आसपासचा. १८९५ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तुगीज फौजेतील मराठा शिपायांनी मोझांबिकला जाण्यास नकार देऊन बंड केले व ते सत्तरीत आले. दादा राणे त्यांना मिळाले आणि हे बंड शमवण्यासाठी लिस्बनहून राजपुत्र आफोंस यांच्यासोबत फौज पाठवावी लागली. शेवटचे मोठे बंड १९१२ चे. सांगणारा सहसा साल सांगत नाही, ‘पाखल्यांच्या वेळी’, म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळी, एवढेच म्हणतो, आणि पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकल्यामुळे ती आठवण दादा राण्यांच्या काळाची आहे की मुक्तिलढ्याची, हे पिढ्या मोजूनच ठरवावे लागते. म्हणून प्रसंग कोणाकडून ऐकला, तो माणूस सांगणाऱ्याचा कोण, आणि त्या वेळी त्याचे वय साधारण किती होते, हे तीन प्रश्न प्रत्येक मुलाखतीत विचारावेत. ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच करावे. जमिनीचे जुने वाद किंवा कोणी फितुरी केल्याची गोष्ट निघाली, तर सांगणाऱ्याने मनाई केलेला भाग वेगळा ठेवावा आणि कोणत्याही परिस्थितीत गावात वाचून दाखवू नये.

दगडांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. सत्तरीत देवळांजवळ आणि देवराईत वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, आढळतात, आणि उत्साहाच्या भरात ते राण्यांच्या सैनिकांचे ठरवले जातात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य अशी मांडणी असेल, तर तो दगड बहुधा गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या काळाच्या आसपासचा, म्हणजे बंडांपेक्षा कित्येक शतके जुना असतो. त्याचीही नोंद जरूर करावी, पण वेगळ्या वहीत. छायाचित्रे सकाळी किंवा उतरत्या उन्हात घ्यावीत, कारण तिरक्या प्रकाशात झिजलेले कोरीवकामही उठून दिसते. रेषा स्पष्ट व्हाव्यात म्हणून दगडावर खडू घासणे, तेल लावणे किंवा शेवाळ खरवडणे टाळावे. पावसाळ्यात रानवाटा आणि ओहोळ धोक्याचे होतात, म्हणून दिवाळीनंतरचे महिने बरे.

तोंडी माहिती जमली, की पणजीच्या पुराभिलेख खात्यात जावे. येथील कागद मुख्यतः पोर्तुगीजमध्ये आहेत, काही मराठी कागद मोडीत आहेत, त्यामुळे दोन्हींपैकी किमान एक वाचणारा सोबत असावा. सरकारी कागदांत बंडवाल्यांना लुटारू म्हटलेले दिसले, तर विशेषण बाजूला ठेवून गावाचे नाव, तारीख आणि पकडलेल्यांची नावे उतरून घ्यावीत. शत्रूच्या कारकुनाने शिक्षेसाठी लिहिलेली यादीच पुष्कळदा नावांचा सर्वात भरवशाचा पुरावा ठरते. कागद आणि आठवण यांत मेळ बसला नाही, तर दोन्ही लिहावे, एकाने दुसरे खोडू नये.

स्मरणाचा दिवस ठरवताना एक अडचण येते. नाणूसची तारीख प्रजासत्ताकदिनी येत असल्याने झेंडावंदनातच तो प्रसंग उरकला जातो. सकाळचा कार्यक्रम आटोपल्यावर वेगळी वेळ ठेवून, भाषणांऐवजी गोळा केलेली नावे वाड्यावाड्यांप्रमाणे वाचावीत, हे मला अधिक योग्य वाटते. फलक बसवायचाच असेल तर जांभ्या दगडावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून मजकूर काळ्या दगडावर कोरावा आणि नावांखाली मोकळी जागा सोडावी, कारण फलक पाहिल्यावर आणखी काही घरे आपल्या माणसाचे नाव घेऊन येतात. मूळ वहीची एक प्रत पंचायतीत व एक शाळेत ठेवावी, आणि ध्वनिमुद्रण ज्यांचे आहे त्यांच्या घरीही द्यावे.